प्रत माहितीसाठी रवाना, शके ७१६

परवा एका मित्राने मोबाईलवर एक निरोप पाठवला. नेहमीचाच. इंग्लंडात मॅग्ना कार्टा आला १२१५ साली, आपल्याकडे त्याच्या चारशे वर्षं आधीपासून गावोगाव पंचायती होत्या, राजा प्रजेला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे, वगैरे वगैरे. शेवटी "खोटं वाटत असेल तर डॉ. अळतेकर वाचा" अशी ताकीद.

आता असले निरोप मी एरवी वाचून सोडून देतो. पण इथे पंचाईत अशी झाली की अळतेकरांचं ते पुस्तक माझ्या कपाटात पडून होतं, आणि मी ते वाचलेलं नव्हतं. शिवाय माझं आजोळ पैठणजवळचं. अळतेकर ज्या राजांबद्दल लिहितात त्यांच्यातल्या एकाचा ताम्रपट खुद्द पैठणचा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी लाज निघाली. मग तीन वीकांत घालवले आणि पुस्तक संपवलं. त्यातून जे हाती लागलं ते मित्राच्या निरोपापेक्षा बरंच वेगळं होतं, आणि मला विचाराल तर जास्त रंजक. म्हणून हा लेख.

आधी माणसाबद्दल थोडंसं. अनंत सदाशिव अळतेकर हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकव्याचे, जन्म १८९८. काशीला बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारताचा इतिहास शिकवत, पुढे पाटण्याला गेले. पाटण्याजवळ कुम्राहारला, म्हणजे जुन्या पाटलिपुत्राच्या जागी, १९५० च्या दशकात जे उत्खनन झालं ते त्यांच्या देखरेखीखाली. नाणी, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, राज्यव्यवस्था अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लिहिलं. १९२७ साली पश्चिम हिंदुस्थानातल्या गावगाड्यावर एक पुस्तक, आणि १९३४ साली पुण्याहून निघालेलं 'द राष्ट्रकूटाज अँड देअर टाइम्स'. मी म्हणतोय ते हेच.

राष्ट्रकूट म्हणजे ज्यांच्या काळात वेरूळचं कैलास लेणं झालं ते. आठव्या शतकाच्या मध्यापासून दहाव्या शतकाच्या शेवटापर्यंत, सव्वादोनशे वर्षं दख्खनवर त्यांचं राज्य होतं. राजधानी पुढे मान्यखेट, आजचं कर्नाटकातलं मळखेड. ८५१ च्या सुमाराचा अरबी वृत्तांत जगातल्या चार मोठ्या राजांत 'बल्हरा'ची गणना करतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूटच. एवढं मोठं राज्य, पण शाळेच्या पुस्तकात दीड पान. असो.

अळतेकरांच्या पुस्तकात आधी राजकीय इतिहास आहे: कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाला हरवलं. मला खरा रस आला तो त्यानंतरच्या भागात. राजा, मंत्री, प्रांत, सामंत, गाव, कर... एकेका विषयावर स्वतंत्र प्रकरण. आणि वाचता वाचता प्रश्न पडला की या माणसाला हे सगळं कळलं कुठून? राष्ट्रकूटांचं दफ्तर तर शिल्लक नाही. पेशवे दफ्तरासारखे रुमाल नाहीत. इंग्लंडात विल्यम राजाने १०८६ साली गावोगावची मोजणी करून 'डोम्सडे बुक' लिहवून घेतलं, त्यात नांगर किती, गिरण्या किती, डुकरं किती इथपर्यंत नोंदी आहेत. इंग्रज इतिहासकार त्यावर शतकभर जगले. आपल्याकडे तसलं काही नाही. आपल्याकडे आहेत ते मुख्यतः ताम्रपट आणि शिलालेख.

ताम्रपट म्हणजे काय, तर दानपत्र. राजाने गाव किंवा जमीन दान दिली की त्याचा दस्त तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचा, पत्रे कडीत ओवायचे, कडीवर राजमुद्रा. ज्याला दान मिळालं त्याने जपून ठेवायचं. कागद नाही, भूर्जपत्र नाही, तांबं! कारण हा दस्त नातवा-पणतवांच्या कामी यायचा होता.

पैठणचा हा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा. शके ७१६, वैशाख अमावास्या, सूर्यग्रहण. इंग्रजी तारीख ४ मे ७९४. प्रतिष्ठान-भुक्तीतलं, म्हणजे पैठण विभागातलं, लिंबारामिका नावाचं गाव त्याने दान दिलं. कीलहॉर्न नावाच्या जर्मन पंडिताने हा ताम्रपट वाचून 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात छापला. यातली ग्रहणाची गोष्ट मला फार आवडते. आम्ही फाईल पाठवताना सोबत एक बेरीज पाठवतो, पलीकडे ती जुळली की फाईल शाबूत पोचली असं समजायचं. इथे ग्रहण ते काम करतं. शक, महिना, तिथी आणि ग्रहण जुळलं तर दस्त खरा असण्याची शक्यता वाढते. नाही जुळलं तर शंका घ्यायला जागा आहे. बनावट ताम्रपट तेव्हाही होत असत, जमिनीचा मामला म्हटला की खोटे कागद आलेच :)

अशा ताम्रपटाचे साधारण चार भाग पडतात. पहिला भाग राजाच्या घराण्याची स्तुती. दुसरा, हा हुकूम कोणाकोणाला कळवला आहे त्यांची यादी. तिसरा, काय दिलं, कोणाला दिलं, कुठल्या सवलतींसह दिलं, चतुःसीमा. चौथा, जो कोणी हे दान मोडील त्याला शाप. खाली लेखकाचं नाव, कधी राजाची सही.

आपण सगळे वाचतो तो पहिला भाग. राजा कसा शूर, त्याच्या हत्तींनी कुठल्या समुद्राचं पाणी प्यालं. भाषणांत येतो तो हाच, आणि नेमका हाच भाग सगळ्यात कमी भरवशाचा. आमच्याच गोदाकाठचं एक उदाहरण देतो. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी आहे. तिथला यादव राजा रामचंद्राचा ताम्रपट महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाचून प्रसिद्ध केला. साल १३१०. म्हणजे अल्लाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये देवगिरी लुटल्यानंतर, १३०७ मध्ये रामचंद्राला पकडून दिल्लीला नेऊन परत पाठवल्यानंतर. राजा दिल्लीला खंडणी देतोय. आणि ताम्रपटात काय? राजाने मुसलमानांच्या हातून वाराणसी सोडवली! स्तुतीवरून इतिहास लिहायचा तर असं होतं.

अळतेकरांनी जी राज्यव्यवस्था उभी केली ती बहुतांशी उरलेल्या तीन कंटाळवाण्या भागांतून. मला वाटतं त्यांच्या पुस्तकाचं खरं मोठेपण इथेच आहे. दस्त लिहिणारा कारकून स्तुतीच्या वेळी कवी होतो, पण यादी करताना तो पुन्हा कारकून होतो. आणि कारकून उगाच खोटं लिहीत नाही, त्याला तसं कारण नसतं.

आता दुसरा भाग, यादी. राष्ट्रकूट ताम्रपटांत ती जवळजवळ ठरलेली असते. राजा कळवतो कोणाला? राष्ट्रपति, विषयपति, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, आधिकारिक, महत्तर इत्यादी ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांना. (राष्ट्रपती म्हणजे आत्ताचे नव्हेत बरं का. राष्ट्र म्हणजे एक प्रांत, त्याचा अधिकारी तो राष्ट्रपति. विषय म्हणजे साधारण जिल्हा. ग्रामकूट म्हणजे गावचा मुख्य, पुढच्या काळातल्या पाटलासारखा. महत्तर म्हणजे गावातली वडीलधारी, वजनदार मंडळी.)

ही यादी वाचली आणि मला दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे आपला शासन निर्णय. कुठलाही शासन निर्णय काढा, शेवटी 'प्रति' म्हणून लांबलचक यादी: सर्व विभागीय आयुक्त, सर्व जिल्हाधिकारी, सर्व मुख्य कार्यकारी अधिकारी, निवड नस्ती. दुसरी गोष्ट म्हणजे मॅग्ना कार्टा, ज्याच्या नावाने माझ्या मित्राने हे सगळं सुरू केलं! त्याची सुरुवातही अशीच आहे. जॉन राजा नमस्कार करतो कोणाला? आर्चबिशप, बिशप, मठाधिपती, अर्ल, बॅरन, न्यायाधीश, वनाधिकारी, शेरीफ, कारभारी, नोकर आणि सर्व बेलिफ व निष्ठावंत प्रजाजनांना. चारशे वर्षांचं अंतर, हजारो मैलांचं अंतर, एकमेकांना माहीतही नसलेले दोन राजे, आणि दस्ताचा सांगाडा तोच.

असं का? कारण उघड आहे. यादीत नाव त्याचं असतं, ज्याने मनावर घेतलं नाही तर हुकूम अडतो. गोविंदराजाने गाव दान दिलं, पण ग्रामकूटाने सारा नव्या धन्याकडे न देता आधीच्याच ठिकाणी पोचवला तर? विषयपतीचे शिपाई जाऊन गावात मुक्काम ठोकून बसले तर? राजा काही दर गावात उभा नाही. म्हणजे वरून 'पृथ्वीवल्लभ' म्हणवणाऱ्या राजाची सत्ता खाली येताना सहा-सात हातांतून जाते, आणि त्यातला प्रत्येक हात ती अडवू शकतो. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा समजून घ्यायची तर आधी पाहतात की कोण कोणाला निरोप पाठवतं. राज्यालाही तेच लागू पडतं. राजा कोण हे स्तुतीवरून कळतं, राज्य काय आहे ते 'प्रति'च्या यादीवरून.

हे फक्त लहान अधिकाऱ्यांपुरतं नव्हतं. वरच्या थरात सामंत होते. अळतेकरांचं सामंतांवरचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. सामंताने सार्वभौम राजाला खंडणी द्यायची, दरबारी हजर राहायचं, लढाईला फौज आणायची. बदल्यात आपल्या मुलखात तो जवळजवळ राजाच. मोठ्या सामंताला 'पंचमहाशब्दा'चा मान, म्हणजे पाच वाद्यं वाजवायची परवानगी. हसू नका, आपल्याकडे लाल दिव्याची गाडी होतीच की. २०१७ मध्ये दिवे निघाले तेव्हा काय काय झालं आठवा.

गोविंदाच्याच घरात पाहा. त्याचा बाप ध्रुव हा धाकटा भाऊ. थोरल्या भावाला, दुसऱ्या गोविंदाला, हटवून इ. स. ७८० च्या सुमारास गादीवर बसला. त्या भावाने मदतीला मालवा, कांची, गंग, वेंगी असे सगळे शत्रुराजे गोळा केले होते, हे आपल्या पैठणच्याच ताम्रपटात सांगितलं आहे. ध्रुवाने आपल्या मागे थोरल्याला नाही तर गोविंदाला निवडलं. मग थोरला भाऊ स्तंभ, जो गंगवाडीचा कारभार पाहत होता, त्याने बारा राजांची आघाडी करून उठाव केला. गोविंदाने तो मोडला. आणि मग स्तंभाचं काय केलं? माफ केलं, आणि परत गंगवाडीलाच नेमलं! धाकटा भाऊ इंद्र निष्ठेने राहिला, त्याला लाट, म्हणजे दक्षिण गुजरात.

बंडखोराला परत त्याच जागी बसवणं हा चांगुलपणा म्हणावा का? थोडा असेलही. पण मला तर यात राजाची मर्यादा दिसते. गंगवाडीवर दुसरा कोणी बसवायचा तर त्याच्यामागे तितकी माणसं, तितकी फौज हवी. ती स्तंभाकडे होती. दुसरीकडे वेंगीच्या राजाला गोविंदाने आपल्या छावणीची भिंत बांधायच्या कामाला लावलं असं राधनपूर ताम्रपट अभिमानाने सांगतो. म्हणजे एकाला अपमान, दुसऱ्याला माफी, तिसऱ्याला प्रांत. मध्ययुगातलं राज्य चालवणं म्हणजे बरंचसं हेच. इंग्लंडातले राजेही आपल्या अर्ल-बॅरनांशी असंच खेळत होते, फक्त हत्ती नव्हते.

आता तिसरा भाग, सवलती. इथे संस्कृत शब्दांची लांब माळ येते. उद्रंग आणि उपरिकर या करांसह, दशापराधांच्या दंडासह, धान्य आणि रोकड येण्यासह, विष्टीसह, चाट-भटांना म्हणजे शिपाईप्याद्यांना प्रवेश नाही, कुठल्याही राजपुरुषाने हात घालायचा नाही. असं सगळं दान घेणाऱ्याच्या हवाली.

यातल्या 'विष्टी' शब्दापाशी जरा थांबा. विष्टी म्हणजे वेठ. आपला वेठबिगारीतला वेठ शब्द त्यातूनच आला. म्हणजे गावकऱ्यांकडून फुकट काम करून घ्यायचा हक्कसुद्धा दानात दिला जातो. आणि दंड वसूल करायचा हक्क दिला म्हणजे न्यायाचा एक तुकडाही दिला. गाव दान दिलं याचा अर्थ जमीन दिली असा आपण घेतो. जमीन बहुधा कसणाऱ्याकडेच राहायची. दिली जायची ती सत्ता: कर घ्यायची, दंड घ्यायची, राबवून घ्यायची.

मग पुन्हा यादीकडे या. राष्ट्रपतीपासून महत्तरापर्यंत सगळ्यांना कळवलं. लिंबारामिकेतल्या ज्या कुणब्याचं धान्य उद्यापासून दुसऱ्याच्या घरी जाणार होतं, ज्याला नव्या धन्याकडे वेठीला जायचं होतं, त्याचा उल्लेख? 'इत्यादी'त धरायचा तर धरा. विचारणं तर दूरच. मॅग्ना कार्टाचंही तेच. त्यातली ती प्रसिद्ध कलमं 'स्वतंत्र माणसा'साठी आहेत, आणि तेव्हाच्या इंग्लंडातल्या शेतकऱ्यांचा मोठा हिस्सा कायद्याने स्वतंत्र नव्हताच, जमिनीबरोबर बांधलेला होता. तेव्हा "आमचे पूर्वज आधी की तुमचे" या भांडणात दोन्हीकडचा कुणबी भांडणाबाहेरच उभा आहे.

चौथा भाग शापाचा. जो कोणी आपण दिलेली किंवा दुसऱ्याने दिलेली जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील. हे श्लोक शेकडो ताम्रपटांत तेच ते येतात. कोकणात शिलाहारांच्या काळापासून दगडावर गाढवाचं चित्र कोरून असाच शाप देत, त्याला आपण गधेगाळ म्हणतो. वाचता न येणाऱ्यालाही कळावा म्हणून चित्र.

कितीतरी वर्षं मी हे सगळं गंमत म्हणून बघत होतो. या वेळी वाचताना प्रश्न पडला की शाप कोणाला दिलाय? चोराला नाही. चोराला शिक्षा करायला दंडनीती आहे. शाप आहे पुढच्या राजाला. कारण पुढच्या राजाला अडवणारं जगात दुसरं काहीच नाही. ना न्यायालय, ना सभा. कायदा जिथे संपतो तिथे किडा सुरू होतो, असं म्हणा.

आणि शाप चालत होता का? नाही ना! पुरावा राष्ट्रकूटांचाच. तिसरा इंद्र इ. स. ९१५ मध्ये कुरुंदक इथे, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडच्या कुरुंदवाडला, पट्टबंधाच्या समारंभाला गेला. तेव्हाचे ताम्रपट सांगतात की त्याने स्वतःची तुला केली, खूप दानं दिली आणि आधीच्या राजांनी काढून घेतलेली चारशे गावं परत दिली. स्तुती म्हणून लिहिलंय हे. पण त्यात कबुली काय आहे बघा. चारशे गावं आधीच्या राजांनी काढून घेतली होती. साठ हजार वर्षांचा किडा व्हायची भीती त्यांना काही वाटली नसावी.

अटींचा प्रकारही असाच. विदर्भात अचलपूरजवळ चम्मक इथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. हजार ब्राह्मणांना दान, पण अटींवर. राजद्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. अटी मोडल्या तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी होणार नाही. आणि पैठणलाच गोविंदानंतर पावणेपाचशे वर्षांनी, शके ११९३ मध्ये (इ. स. १२७१-७२), यादव रामचंद्राचा दुसरा एक ताम्रपट आहे. त्यातही अग्रहारातल्या ब्राह्मणांना बजावलंय की गाव गहाण टाकू नका, जुगार चालू देऊ नका, वेश्यांना वसू देऊ नका, शस्त्र उचलू नका.

आता अटींची दिशा बघा. आपल्या ताम्रपटांत राजा घेणाऱ्याला अटी घालतो. मॅग्ना कार्टात घेणारे राजाला अटी घालतात, आणि वर पंचवीस बॅरनांची समिती नेमतात की राजाने शब्द मोडला तर याची मालमत्ता जप्त करा. शापाच्या जागी समिती! ती चालली नाही, दोन-अडीच महिन्यांत पोपने सगळं रद्द ठरवलं, यादवी झाली. पण तो कागद पुन्हा पुन्हा नव्याने काढला गेला, कारण तो भांडायला उपयोगी होता. माझ्या मते दोन्हीकडच्या इतिहासातला मोठा फरक इथे आहे. कोण आधी सुसंस्कृत झालं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

कारण आपल्याकडे राजाला धाक नव्हता असं मुळीच नाही. इ. स. ९३६ च्या सुमारास चौथ्या गोविंदाला सामंतांनी गादीवरून खाली खेचलं आणि त्याच्या चुलत्याला, तिसऱ्या अमोघवर्षाला, "तुम्ही या" म्हणून आणून बसवलं. देवळी (वर्धा जिल्हा) आणि कऱ्हाडच्या ताम्रपटांत हे आहे, आणि कन्नड कवी पंप याने आपल्या आश्रयदात्या सामंताचा त्यातला हात गौरवाने सांगितलाय. इंग्लंडात दुसऱ्या एडवर्डला १३२७ मध्ये आणि दुसऱ्या रिचर्डला १३९९ मध्ये असंच उतरवलं. फरक एवढाच की तिकडे उतरवताना पार्लमेंट जमवून तिच्या नावाने उतरवलं, आरोपांची यादी केली, कागद ठेवला. आपल्याकडे सामंत आले, काम झालं, आपापल्या मुलखात परत गेले. मागे संस्था उरली नाही. मग पुढच्या वेळी एकाच सामंताने सगळं आटोपलं. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं, आणि पुढच्याच वर्षी तैलप या चालुक्य महासामंताने राष्ट्रकूट सत्ता संपवली. ज्या शिडीवर गोविंदाने भावाला परत बसवलं होतं, त्याच शिडीने तैलप वर चढला.

आता राहिला प्रश्न अळतेकरांचा. मित्राच्या निरोपात जे म्हटलंय ते ते म्हणतात का? थोडं म्हणतात. १९३४ साल आहे, स्वराज्याची चळवळ चालू आहे, आणि "हिंदी लोकांना राज्य करता येत नाही" असं रोज ऐकवलं जातंय. अशा वेळी काशीत बसलेला मराठी प्राध्यापक ग्राममहत्तरांत पंचायत शोधणार हे साहजिक आहे. राष्ट्रमहत्तर, विषयमहत्तर असे शब्द काही लेखांत येतात, त्यावरून प्रांत-जिल्ह्याच्या पातळीवरही सल्लागार मंडळं असावीत असा त्यांचा अंदाज. पुरावा मात्र थोडका आहे. पण ते सगळीकडे सरसकट लोकशाही दाखवत नाहीत. तमिळ मुलखातल्या उत्तरमेरूरला ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत, त्यात मडक्यात चिठ्ठ्या टाकून समित्या निवडायचे नियम आहेत. तसलं काही आपल्याकडे मिळत नाही, आणि अळतेकर प्रांताप्रांतातला फरक दाखवतात. निरोप पाठवणारे तो भाग गाळतात.

तीस वर्षांनी, १९६५ मध्ये, रामशरण शर्मांचं भारतीय सरंजामशाहीवरचं पुस्तक आलं. त्यांनी अशाच ताम्रपटांतून उलटं चित्र काढलं: राजा कर आणि न्याय वाटत सुटला, केंद्र पोकळ झालं, शेतकरी मधल्या धन्यांच्या हाती गेला. पुढे ब्रजदुलाल चट्टोपाध्याय, हर्मन कुल्के वगैरेंनी म्हटलं, पोकळ कसलं, याच दानांतून नवे मुलूख, नवे लोक राज्यात ओढले गेले, राज्य खालून उभं राहिलं. तांब्याचे पत्रे तेच. एकाने महत्तराकडे पाहिलं, दुसऱ्याने विष्टीकडे, तिसऱ्याने गाव कुठल्या नव्या मुलखात आहे त्याकडे.

मी काही इतिहासकार नाही, आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले किडे काढतो. पण मला शर्मांचा प्रश्न टाळता येत नाही आणि अळतेकरांची मेहनतही विसरता येत नाही. शर्मांना तो प्रश्न विचारता आला, कारण आधी अळतेकरांसारख्यांनी एकेक कंटाळवाणी ओळ वाचून यादी केली होती.

गेल्या खेपेला पैठणला गेलो तेव्हा नागघाटावर थोडा वेळ बसलो होतो. धरणामुळे खाली नदीला पाणी बेताचंच. तिथून आजोळी गेलो आणि मामाकडे जुन्या कागदांची ट्रंक उघडली. जमिनीचा एक कागद निघाला, सरकारी, पिवळा पडलेला. खाली 'प्रत माहितीसाठी रवाना' आणि मग मामलेदार, मंडल अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील. जमीन ज्यांची होती त्या माझ्या पणजोबांचं नाव वरच्या मजकुरात होतं, गट नंबर आणि क्षेत्राच्या शेजारी. खालच्या यादीत नव्हतं.

मामाला म्हटलं, "हा कागद मग आपल्याकडे आला कसा?"

मामा म्हणाला, "पोलीस पाटलाची प्रत हाय ती. त्यांच्या घरी पडली व्हती, म्हाताऱ्यानं मागून आणली."

मित्राला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. पाठवीन तेव्हा एवढंच लिहीन, की अळतेकर जरूर वाच, पण शेवटपर्यंत वाच. आणि कुठलाही राजा किती प्रजाहितदक्ष होता हे ठरवायचं असेल तर त्याच्या स्तुतीत बघू नकोस. हुकूम कोणाला कळवला आणि कोणाला नाही, ती यादी काढ.

बाकी चूभूद्याघ्या. लेखनसीमा.